फेटाही, ओटीही

किरण यांची माझी पहिली भेट कराडला, एका हॉलमधल्या तालमीत झाली. ऑर्केस्ट्राची निवेदिका म्हणून मी नवी होते, पण वेळेच्या बाबतीत तेव्हाही कडक होते. सगळे वादक उशिरा आले. किरण मात्र आधीच येऊन वायरी जोडत बसले होते. पांढरा शर्ट, त्यावर आईच्या साडीचे शिवलेले जाकीट, डोळ्यांत काजळ. मी विचारले, "ओळख करून देताना श्री म्हणू की कुमारी?"

"नुसतं किरण म्हणा, बाई. बाकीचं गाण्यात येईल."

उत्तर आटोपशीर होते. मला आवडले.

आजची तरुण मुले जेंडरक्वीअर म्हणतात, तो शब्द किरण आनंदाने स्वतःसाठी वापरतात. तो शब्द आमच्याकडे पोचण्याआधीही ते पुरुष किंवा स्त्री यांपैकी एक म्हणून जगले नव्हते. पॉप गाणी लिहिली, चाली लावल्या, जाड आणि बारीक दोन्ही आवाजांत स्वतःच गायली. लोणंदच्या बाजारावरचे त्यांचे गाणे आज साताऱ्या-सांगलीतल्या वरातींत हमखास वाजते. "दोन आवाज काढून जरा हसवा की," असे कोणी संयोजक म्हणाले, तर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "हसवायचं असलं तर इनोद सांगीन. गाण्याला हसायचं न्हाई."

एका कार्यक्रमात ऐनवेळी माझा घसा बसला. किरण यांनी गाणीही म्हटली आणि निवेदनही केले. वर प्रेक्षकांना बजावले, "बाईंचा आवाज गेलाय, पन रागवायला त्यो लागत न्हाई. शिट्ट्या बेतानं मारा." परतताना गाडीत माझ्या हातात ज्येष्ठमधाची पुडी ठेवली.

कडेगावजवळच्या त्यांच्या गावची यात्रा मात्र मी विसरणार नाही. घर सोडल्यापासून ते तिथे गायले नव्हते. त्यांचे वडील, निवृत्त सुभेदार, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, किरण यांच्याशी बोलत नव्हते. "अण्णा आले तर बरं हुईल," एवढेच किरण वाटेत म्हणाले. अण्णा आले आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले.

गाणी रंगली. मग कलाकारांचे सत्कार सुरू झाले. पुरुषांना फेटा, बायकांची ओटी, अशी तिथली रीत. किरण यांची पाळी येताच यात्रा कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आवं बाई, ह्यांला फेटा बांधायचा का वटी भरायची?"

मागून कोणीतरी ओरडले, "गड्या, नुसता नारळ दे आन् सोड."

लोक हसले. मी म्हणाले, "मला काय विचारता? सत्कार त्यांचा आहे. त्यांना विचारा." माझा माईक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांनी ऐकले.

किरण म्हणाले, "दोन्ही करा. औंदा ऊस चांगला झालाय, परवडंल तुमास्नी." पुन्हा हशा झाला, पण या वेळचा त्यांच्या बाजूने होता. मग हळू आवाजात म्हणाले, "पन फेटा अण्णांनी बांधावा."

सरपंचबाई पुढे झाल्या. किरण यांनी खांद्यावरची ओढणी पसरली, ओटी भरली गेली. फेटा अध्यक्षांच्या हातात तसाच राहिला. अण्णा जागचे हलेनात. बऱ्याच वेळाने उठले, पायऱ्या चढून आले आणि त्यांनी फेटा ओढून घेतला.

"खाली बस. हात पुरत न्हाई माजा."

किरण बसले.

"मान हलवू नगंस." शेवटचा पीळ खोचून अण्णांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. "काजळ पसरलंय. पूस." आणि स्वतःचा रुमाल पुढे केला.

तीन तास न थकता गाणाऱ्या किरण यांना पुढचे गाणे सुरू करता येईना. तेवढा वेळ लोकांनी वाटेत उभे केलेले ट्रॅक्टर हलवण्याच्या सूचना मी माईकवरून दिल्या.

अण्णा आता थकले आहेत. किरण दर रविवारी गावी जातात आणि टीव्हीच्या आवाजावरून दोघे मनसोक्त भांडतात. किरण यांच्या साठीच्या समारंभात सत्कार कसा करावा, असे समारंभ समितीने परवा मला विचारले. मी म्हणाले, त्यांनाच विचारा. किरण यांचा नंबर समितीकडे आहे.

किरण यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. गळा असाच राहो, आणि रविवारची ती भांडणे पुष्कळ वर्षे चालोत.