तासाला सव्वा डॉलर

"मीट अवर सक्सेस स्टोरी!" डॉक्टरकाका म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला चार अनोळखी माणसांपुढे सरकवलं.

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या एका शाळेत आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. आरती संपली होती. जेवणाची रांग कॅफेटेरियाच्या दाराबाहेर गेली होती.

"हिला ह्युमन सर्व्हिसेसची डिग्री मी करायला लावली. आज बघा, स्वतःच्या पायावर उभी आहे." चौघांनी कौतुकाने माना हलवल्या. त्याच श्वासात काका म्हणाले, "अगं, काकूला जरा बाथरूमला घेऊन जातेस? तू ट्रेन्ड आहेस."

त्यांची सून शेजारीच उभी होती. तिच्या हातात ताट होतं. माझ्याही हातात होतं. मी माझं खाली ठेवलं.

ग्रीन कार्ड आणि घटस्फोट मला एकाच वर्षी मिळाले. पहिल्याला जास्त वेळ लागला. पदरात लहान मुलगी, आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष नागपुरातच लग्नाने खाल्लेलं. कुणी तरी म्हणालं, काकांना भेट. काका म्हणजे हृदयाचे निवृत्त डॉक्टर आणि मंडळाचे माजी अध्यक्ष. मंडळात माजी अध्यक्षाइतकं कायमचं पद दुसरं नाही.

त्यांच्या दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट होतं. काचेआडची पुस्तकं कुणी उघडली नव्हती, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. काकांनी आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग वडील काय करायचे ते.

"नगरपालिकेत होते."

"कुठल्या खात्यात?"

"आरोग्य."

खोटं नव्हतं. झाडू त्याच खात्याचा असतो. काकांना ते लगेच कळलं. त्यांचा चेहरा एकदम मायाळू झाला.

"छान. तुमच्या लोकांत सेवाभाव उपजतच असतो. तू ह्युमन सर्व्हिसेस कर. आजारी-अपंग माणसांची काळजी घ्यायचा दोन वर्षांचा कोर्स. कॉलेज माझ्या ओळखीचं आहे, मी त्यांच्या सल्लागार मंडळावर आहे. लोन सहज मिळतं."

मी वाचणारी बाई. लायब्ररीतून आणलेली जाड जाड पुस्तकं बसस्टॉपवर संपवते. पण त्या दिवशी त्या कॉलेजबद्दल एक ओळ वाचली नाही. माणूस समोर बसलेला असताना कागद कशाला, असं वाटलं. काकू आतून चहा घेऊन आल्या. "आपलीच पोर आहे," काका त्यांना म्हणाले. परक्या मुलखात या तीन शब्दांवर माणूस कुठेही सही करतो. मी सत्तावीस हजार डॉलरवर केली.

पदवीदानाला काळा झगा भाड्याने घेतला. व्यासपीठावर काकांना सन्मानचिन्ह मिळालं. मला नोकरी मिळाली, ग्रुप होममध्ये. स्वतःचं स्वतः करू न शकणारी मोठी माणसं तिथे राहतात. त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, बाजाराला न्यायचं, घाबरली तर जवळ बसायचं. काम चांगलं आहे. कामाची मला लाज नाही.

पगाराची आहे. तेच काम माझ्याबरोबर डोरीन करते. तिची हायस्कूलपर्यंतच शाळा. तिच्यापेक्षा मला तासाला सव्वा डॉलर जास्त. महिन्याचे धरा दोनशे, तेही टॅक्स कापायच्या आधी. आणि कर्जाचा हप्ता दोनशे पंच्याऐंशी. डोरीनला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "हनी, तू पैसे देऊन माझ्यापेक्षा गरीब झालीस."

मग पुढे शिकायचं ठरवलं. आणखी दोन वर्षं करून बॅचलर्स झालं असतं तर काउंटीच्या सरकारी कचेरीत केसवर्करची जागा मिळाली असती. सरकारी युनिव्हर्सिटीतल्या बाईने माझे मार्क पाहिले, स्तुती केली आणि सांगितलं की या खासगी कॉलेजात शिकलेल्या विषयांचं एकही क्रेडिट आम्ही धरत नाही. पहिल्यापासून सुरू करा. मी काकांकडे जाऊन रडले. "अरेरे," काका म्हणाले, "यांची सिस्टिमच तशी." त्यांनीच मला रुमाल दिला. मग म्हणाले, "शनिवारी येत जाशील का काकूजवळ बसायला? तुलाही बरं वाटेल." तेव्हापासून दर शनिवारी जात होते. पैशांचा विषय निघाला नाही. घरचंच माणूस. निघताना चिवड्याचा डबा मिळायचा.

तर, त्या दिवशी काकूंना बाथरूमला नेलं. त्यांचे हात थरथरतात. मी त्यांच्या निऱ्या नीट खोचत होते. त्या कौतुकाने म्हणाल्या, "किती हलका हात गं तुझा! यांच्या भाचीलाही हाच कोर्स करायचा होता. आमच्या सायलीला. याच कॉलेजात. यांनी पाऊल टाकू दिलं नाही. म्हणाले, तिथलं क्रेडिट कुठे चालत नाही, नुसतं कर्ज होतं."

"कधी म्हणाले?"

"झाली की बरीच वर्षं. तू ॲडमिशन घेतलीस ना, त्याच्या आदल्या वर्षी."

मी निऱ्या पूर्ण खोचल्या. काकूंचे हात धुतले, पुसले. ट्रेन्ड आहे मी.

काकूंना घेऊन परत आले तर काकांचा हात दुसऱ्या खांद्यावर होता. अकोल्याची मुलगी, नवीनच आलेली. "हिलाच विचार," काका तिला म्हणाले. "तुझ्यासारखीच होती ही."

"ताई," तिने विचारलं, "तो कोर्स खरंच वर्थ इट आहे का हो?"

मी तिला सांगितलं. सव्वा डॉलर सांगितला, हप्ता सांगितला, क्रेडिटचं सांगितलं. आवाज चढवला नाही. रांगेतली माणसं तरीही वळून पाहू लागली.

"अगं, सणासुदीला हे काय..." काका म्हणाले.

"काका, सायलीला तुम्ही काय सांगितलं होतं?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू सुनेच्या ताटातल्या जिलबीकडे पाहत होत्या.

"सायलीचं वेगळं," काका म्हणाले. "ती पुढे शिकणार होती."

"आणि मी?"

काका हसले. मंडळाच्या सभेत हिशेब विचारला की हसतात तसं. "वेडी आहेस. मनाला लावून घेऊ नकोस. जेव आधी. आणि शनिवारी लवकर ये, आम्हाला लग्नाला जायचंय."

"शनिवारी येणार नाही. यापुढच्या कुठल्याच शनिवारी नाही."

ताट मी परत उचललं नाही. अकोल्याच्या मुलीला बाहेर पार्किंग लॉटमध्ये नेलं. तिथे उभ्या उभ्या तिला जवळच्या स्वस्त, सरकारी कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगितलं, आणि सही करण्याआधी कुणाला काय विचारायचं तेही.

माझा हप्ता संपायला अजून सहा वर्षं आहेत. तो मी फेडणार, एकही न चुकवता. आणि तोवर दर गणपतीला त्या रांगेत उभी राहणार. काका ज्या ज्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवतील, तिला त्यांच्यासमोरच हा हिशेब सांगणार.

सक्सेस स्टोरी माझी आहे ना? मग ती मीच सांगेन.