जुनी लेटरहेड संपेपर्यंत

आमच्या संस्थेचं नाव बदललं, त्याला सात महिने झाले. दारावरची पाटी एका सकाळीच बदलली. पण जुन्या लेटरहेडचे गठ्ठे अजून कपाटात आहेत आणि ते संपेपर्यंत नवी छापायची नाहीत, असा साहेबांचा हुकूम आहे. म्हणून मी रोज पट्टी धरून जुन्या नावावर लाल रेघ मारते आणि वर नवं नाव हाताने लिहिते. रेघेखालचं जुनं नाव स्पष्ट वाचता येतं. ते मला बघवत नाही, आणि नजर तर तिथेच जाते.

आज आमचे शिपाई गणपतमामा फोनवर जुनंच नाव सांगत होते. मी वैतागले. "मामा, अजून किती दिवस?"

"होईल हो मॅडम," ते म्हणाले. "जिभेला वेळ लागतो."

त्यानंतर मला खुर्चीत बसवेना. माझ्या लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'मानसी' लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि माहेरची सुनंदा तिथेच संपली असं धरून चालले. पुढे कितीतरी दिवस सासूबाई मानसी म्हणून हाका मारायच्या आणि मी पोळ्या लाटत राहायचे. त्यालाही आता सव्वीस वर्षं झाली.

संध्याकाळी बसस्टॉपवर मागून कुणीतरी ओरडलं, "सुनंदा, अगं थांब!" हाक दुसऱ्याच बाईला होती. पण मी थांबले होते.