फिकट कडेचा पुष्कराज

चाकणला गाड्यांच्या कंपनीत मी पेंट शॉपला क्वालिटीत आहे. दरवाजाचा रंग बॉनेटपेक्षा केसभर फिकट असला तरी मला दिसतो, आणि मी गाडी मागे पाठवतो. या नजरेची मला भारी घमेंड होती.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला कुरुळीला सासुरवाडीत गेलो. ओवाळून झाल्यावर सासऱ्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून माझ्या हातावर ठेवली. "पावणं, ह्यो पुष्कराज माझ्या वडलांचा. आता तुमी घाला."

शहाण्या माणसाने नमस्कार करून घातली असती. मी मोबाईलचा टॉर्च लावला. खडा मधे पिवळाधमक, कडेला पाणी घातल्यासारखा, आणि दोन्हींच्या मधे सरळ रेघ. भावकीतली दहा माणसं बसली होती. त्यांच्यासमोर, गाडी रिजेक्ट करतो त्याच आवाजात मी म्हणालो, "मामा, शेड एकसारखी नाही. डुप्लिकेट आहे हा. तुमच्या वडिलांना कुणीतरी फसवलंय."

सासऱ्यांनी अंगठी परत घेऊन खिशात टाकली. "तुमचं कामच हाय ते. तुमालाच कळणार," एवढंच म्हणाले. येताना आकुर्डीला घरी पोचेपर्यंत बायको गाडीवर ओढणीने तोंड झाकून, मान फिरवून बसली. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

दोनच दिवसांनी, पाडव्याला मी हौसेने स्वतःसाठी खरा पुष्कराज घ्यायला चिंचवडच्या एका सराफाकडे गेलो. त्याने दोन खडे पुढे ठेवले. मी जाणकाराच्या थाटात एकसारख्या पिवळ्या खड्यावर बोट ठेवलं.

तो हसला. "साहेब, ती काच आहे, दाखवायला ठेवलीय. रंग गडद आणि सारखा असला की भाव चढतो, हे खरं. पण काचेचा रंग सारखाच असतो. ह्या दुसऱ्यात फिकट-गडद सरळ पट्टे दिसतात ना? त्याने भाव उतरतो, पण खडा अस्सल असल्याची ती खूण."

माझी कानशिलं तापली. काही न घेता तडक कुरुळी गाठली. माफी मागायची, भावकीला बोलावून सगळ्यांसमोर अंगठी घालायची, असं वाटेत ठरवलं होतं.

सासरे ओट्यावर शेजाऱ्यासोबत चहा घेत होते. मी अंगठीचा विषय काढला.

"ती व्हय? खोटा खडा घरात ठिवू न्हाई. तवाच इंद्रायणीत सोडला." मग शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या जावयाची नजर लई बारीक. माझा बा जनमभर फसला, मी बी फसलो. ह्यांनी एका बघण्यात वळखला."

त्यांच्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडाशी आलेलं सगळं मी हातात दिलेल्या चहाबरोबर गिळलं, आणि आजतागायत त्यांना काही सांगितलेलं नाही.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला तेव्हा त्यांचं बोट दिसलं. अंगठीच्या जागी कातडीचा पट्टा बाकीच्या हातापेक्षा फिकट होता. तो मला लगेच दिसला.