अण्णांची हातोडी

गाडी दारात उभी होती. दोन बॅगा डिकीत गेल्या होत्या, माझ्या कीबोर्डची काळी पेटी तेवढी बाहेर राहिली होती. आई रडत होती आणि मावशी तिला गप्प करायच्या नावाखाली आणखी रडवत होती. "एकटी पोरगी, कुठं ते पॅरिस, पाठवायची की न्हाय ते अजून बघा बाई," असं मावशीचं त्या क्षणीसुद्धा चाललं होतं. अण्णा पुढे आले. बोटं मुडपून त्यांनी पेटीवर दोनदा टकटक केलं, मग माझ्या डोक्यावर एकदा, आणि बायकांकडे वळून म्हणाले, "चांगली हाय. पाठवा."

बापानं लेकीला सातासमुद्रापार घालवताना एवढंच बोलायचं? मी पार पुणं येईपर्यंत रुसून बसले होते.

अण्णा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणीला होते. साच्यातून निघालेला नग साखळीला टांगायचा, त्यावर हलकी हातोडी मारायची आणि ऐकायचं, एवढंच त्यांचं काम. खणखणीत वाजला तर "पाठवा", बद्द वाजला तर आत तडा. तो तडा डोळ्यांना दिसायचा नाही, अण्णांना मात्र ऐकू यायचा. घरी आल्यावरही त्यांचा हात स्वस्थ बसत नसे. नारळ, कलिंगड, फरशी, दाराची चौकट, सगळं वाजवून बघायचे. मला बघायला एक स्थळ आलं होतं, त्या मुलालाही वाजवतील म्हणून मी धास्तावले होते. तसं काही झालं नाही, आणि ते लग्नही झालं नाही.

मी इथं पॅरिसमध्ये संगीत शिकले, म्हणजे आधी भाषा शिकले आणि मग हळू बोलायला शिकले. आपल्याकडे कुणी हळू बोलायला लागलं की त्याला ताप आहे का विचारतात. इथं बेकरीत मी नेहमीच्या आवाजात पाव मागितला तर मागच्या बाईंना वाटलं, भांडण लागलं. पुढची सात वर्षं मी एका म्हाताऱ्या संगीतकाराची सहायक होते. त्यांच्या चाली मी वाद्यांना वाटून द्यायची, घाई असली की आख्खे तुकडे स्वतः लिहायची. पडद्यावर नाव त्यांचं यायचं. दह्याच्या एका जाहिरातीचं संगीत मात्र पूर्ण माझं होतं. ती जाहिरात आईनं फोनवर बघितली आणि म्हणाली, "दही लई पातळ दिसालंय गं."

आई दर रविवारी विचारायची, "कधी येणार?" अण्णांनी हे कधीच विचारलं नाही. वर्षा-दोन वर्षांनी मी जायचे, ते आनंदानं स्टँडवर घ्यायला यायचे, पण 'ये' असं तोंडातून यायचं नाही. याचा मला राग होता, आणि तो मी नीट जपून ठेवला होता.

मग माझ्या नावावरचा पहिला सिनेमा आला. एक ट्रकचालक बाई निवृत्त होते, एवढीच गोष्ट. इथली पद्धत अशी, की संकलन करताना दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवतात. बघून बघून दिग्दर्शकाला त्याचीच सवय होते. आमच्या दिग्दर्शिकाबाईंना ती झालीच होती. शेवटी ती बाई ट्रक कायमचा लावते, त्या प्रसंगाला त्यांना 'अगदी तसंच' हवं होतं. मी अगदी तसंच दिलं. सुरांची अदलाबदल केली, व्हायोलिनं भरपूर घातली. बाई खूश झाल्या. सहा दिवसांनी वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण व्हायचं होतं.

त्या रविवारी मी घरी फोन लावला आणि संगणकावर तयार केलेलं सगळं संगीत लावून ऐकवलं. खरं तर शाबासकीच मिळवायची होती. अण्णांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"तिसऱ्यांदा चाल येती न्हवं, तिथं बद्द वाजालंय," ते म्हणाले. "आत तडा हाय."

माझा पारा चढला. "अण्णा, तुम्हाला सिनेमातलं काय कळतंय?"

"सिनेमातलं न्हाय कळत. बद्द कळतंय की."

मी फोन ठेवला. दोन दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले. अडचण एवढीच होती, की बोट त्यांनी नेमकं त्याच जागेवर, ट्रक लावायच्या प्रसंगावर, ठेवलं होतं. बाकी सगळं माझं होतं, तेवढंच उसनं होतं. तडा गेलेला माल फाउंड्रीत फेकून देत नाहीत, परत भट्टीत टाकतात. तिसऱ्या दिवशी मी तो तुकडा पुसला. व्हायोलिनं काढली. ट्रकचं गरम इंजिन बंद झाल्यावर टिकटिक करत थंड होतं, तो आवाज तसाच राहू दिला आणि त्याखाली चेलोचा एकच सूर लांबवला. चाल येते ती बाई खाली उतरून चालायला लागल्यावर, एकट्या क्लॅरिनेटवर.

दिग्दर्शिकाबाई भडकल्या. ठरलेलं बदललंच कसं, म्हणाल्या. हातातला सिनेमा जाणार असं मला स्पष्ट दिसत होतं. आणि किती वर्षांनी माझा आवाज शिरोलीच्या पट्टीत गेला. मी म्हटलं, "तेच संगीत हवं असेल तर ते ज्यानं केलंय त्याला बोलवा. माझं हे आहे." त्यांनी तो प्रसंग तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "हेच ठेवू."

सिनेमा चालला. त्यानंतर मला कधी काम शोधायला जावं लागलं नाही. इथली मासिकं मला फ्रेंच संगीतकार म्हणतात, आपली वर्तमानपत्रं कोल्हापूरची कन्या म्हणतात. दोन्हीकडचे हक्क सांगतात, मला दोन्ही मान्य आहे.

पण हे सगळं नंतरचं. ध्वनिमुद्रण झालं त्याच दिवशी मी ते अण्णांना ऐकवलं. तिसरी जागा आली. आई काहीतरी बोलायला लागली तर तिला त्यांनी "थांब" म्हणून गप्प केलं. क्लॅरिनेट संपलं.

"खणखणीत," अण्णा म्हणाले. "पाठवा."

तेव्हा मला ती दारातली गाडी आठवली. फाउंड्रीतल्या तीस वर्षांत त्यांनी हा शब्द वाजवून बघितल्याशिवाय कधी उच्चारला नव्हता. मी धीर करून विचारलंच, "अण्णा, 'ये' म्हणून का म्हणाला नाही कधी?"

ते म्हणाले, "माल माघारी आला की आमची मान खाली जायची बघ. खोट निघाल्याबिगर कोण माघारी धाडतंय?"

आता मी दर नव्या सिनेमाच्या आधी कोल्हापूरला जाते. तुम्ही तिकडे राहिला असाल किंवा माझ्यासारखे निघून आला असाल, मला घर कुठलं असं विचारलंत, तर पत्ता मी पॅरिसचाच देईन. पण जिथं माझ्यातला तडा कुणाला तरी ऐकू येतो, घर तिथंच आहे. अण्णा स्टँडवर उभे असतात. बॅग हातात घ्यायच्या आधी बोटं मुडपून माझ्या डोक्यावर एकदा टकटक करतात आणि कान देऊन ऐकतात.

"चांगली हाय," म्हणतात. "चल घरला."