बदकवाल्यांचा सोफाभाऊ

सोफाभाऊला जाऊन महिना नाही झाला आणि त्या बदकवाल्यांनी त्याच्या फोटोला पंख लावून धंदा पुन्हा सुरू केला. गेल्याचं दुःख होतंच, पण फोटो बघून ताईच्या अंगाची लाही लाही झाली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोघांचं दुकान एकच. पुढे तो लोकांचे जुने सोफे उसवायचा, मागे ती मशीनवर नवी कव्हरं शिवायची. स्पंजचा भुगा दोघांच्याही केसात, चहात सुद्धा. सोफा उसवला की आतून काय काय निघतं! चिल्लर, कानातलं, कंगवे, एकदा तर कुणाच्या आजोबांची दातांची कवळी. हा बाबा सगळं पिशवीत भरायचा आणि सोफा परत देताना आधी पिशवी हातात ठेवायचा, मग मजुरीचं बोलायचा. ताई म्हणायची, "अरे चिल्लर तरी ठेव, चहा होईल आपला." तो म्हणायचा, "मागून घेईन की. न सांगता कशाला?"

असला माणूस त्या बदकात कसा अडकला, देव जाणे. कुणीतरी मोबाईलवर दाखवलं, झोपाळू डोळ्यांचं एक बदक आणि त्याच्या नावाचं कॉइन, मोबाईलवरच घ्यायचं आणि मोबाईलवरच विकायचं असलं नाणं.

"ह्याचा उपयोग काय रे?"

"काहीच नाही ताई. तीच तर गंमत आहे."

रोज सकाळी ते कॉइन घेणाऱ्यांच्या ग्रुपवर हा "क्वॅक" लिहायचा, की समोरून शेकडो क्वॅक. ताई खोटं नाही बोलणार, माणसं तेव्हा बरी वाटायची. लग्न नाही, मित्र नाही, ह्याला जन्मात कुणी जेवलास का विचारलं नव्हतं, ते तिथे विचारायचे. हा उरलेल्या कापडाची छोटी बदकं शिवून त्यांना पोस्टाने पाठवायचा. मग त्यांनी ह्याला ग्रुपचा राखणदार केलं. ह्यानेच नियम काढला, ज्याला विकायचं त्याने आधी ग्रुपवर सांगायचं, चोरासारखं मागच्या दाराने जायचं नाही. ग्रुपचा मालक होता, कॅप्टन म्हणायचे त्याला. तोंड कुणी बघितलेलं नाही, फक्त टोपीवालं बदक. तो म्हणाला, "सोफाभाऊ म्हणजे आपलं काळीज!"

आणि काळीजच बिघडलं. खरंखुरं, छातीतलं. जिना चढताना बसायला लागायचं. डॉक्टर म्हणाले झडप खराब आहे, ऑपरेशन लगेच करा. बदकाचा भाव तेव्हा आभाळाला टेकलेला. ह्याच्याकडचं विकलं तर ऑपरेशन होऊन वर दुकानाचं छप्पर झालं असतं.

"आत्ताच्या आत्ता वीक," ताई म्हणाली.

"विकतो ना. आधी ग्रुपवर सांगतो."

"काय गरज? छाती तुझी, पैसे तुझे!"

"नियम माझाच आहे ना गं."

लिहिलं त्याने. ऑपरेशनचं पण लिहिलं. आणि तुटून पडले सगळे. भाऊ, तूच पळालास तर भाव पडेल, आम्ही काय करायचं? भाऊ, जरा कळ काढ. एकाने लिहिलं, गद्दार. काल जेवलास का विचारणारे हेच! मग कॅप्टन गोड बोलला, "भाऊ, उद्या संध्याकाळपर्यंत थांब, मी सगळ्यांना समजावतो, मग निवांत वीक."

हा थांबला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅप्टनने स्वतःचं सगळं विकलं. कुणी काय विकलं ते मोबाईलवर सगळ्यांना दिसतं म्हणे. दिसेपर्यंत बदक जमिनीवर आपटलेलं. ह्याच्याकडे राहिलं त्यात दवाखान्याची खोलीसुद्धा मिळाली नसती.

ताईने मशीन विकायला काढली, ह्याच्या पाया पड, त्याच्या पाया पड. पैसे जमेपर्यंत भाऊ थांबला नाही. दुकानातच गेला, कुणाच्या तरी अर्ध्या उसवलेल्या सोफ्यावर डोकं टेकून. आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होता, "कॅप्टनची काहीतरी अडचण असेल गं." अडचण! मेल्याची अडचण!

आणि आता तो फोटो. खाली लिहिलेलं, "सोफाभाऊंनी शेवटच्या श्वासापर्यंत विकलं नाही. त्यांच्यासाठी कुणीही विकू नका." आणि बदक परत हललं. लोक रडत होते आणि घेत होते.

ग्रुपवर सगळ्यांनी फोनवरून श्रद्धांजलीची सभा ठेवली. कॅप्टनने निरोप धाडला, "ताई, भाऊंच्याच फोनवरून या, दोन शब्द बोला." ताईने मशीन थांबवली. पिक्चरातल्यासारखा आवाज त्या कॅप्टनचा. म्हणाला, "ताई, भाऊंचा बदकावर किती जीव होता ते सांगा."

"होता. जीवच गेला त्यात," ताई म्हणाली. "तो विकणार होता. ऑपरेशनसाठी. तुम्हाला विचारून विकणार होता, येडा! तुम्ही थांब म्हणालात आणि ह्या टोपीवाल्याने सकाळी उठून आपलं विकलं. वाचा ना वरचं, पुसलं नसेल तर."

"ताई दुःखात आहेत," कॅप्टन म्हणाला. "आपण समजून घेऊ."

"मला समजून घेऊ नको रे. माझ्या भावाचा नियम आहे, विकायचं तर आधी सांगायचं. म्हणून सांगते. ह्या फोनमध्ये जे उरलंय ते मी आत्ता विकतेय. कुणाला अडवायचं असेल तर दुकानात या, कात्री हातात घेऊन बसलेय!"

तिने बटण दाबलं. तेवढ्यात आवाज बंद. ग्रुपमधून काढून टाकलं, भावाचं नाव, भावाचा फोन, भावाचाच ग्रुप.

विकून जे पैसे आले त्यात दोऱ्याची दोन रिळं आली. त्यातल्याच दोऱ्याने तिने तो अर्धा राहिलेला सोफा शिवला. मालक आला तेव्हा आधी पिशवी हातात दिली, एक किल्ली आणि मूठभर चिल्लर.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुमच्या सोफ्यात होतं. भावाने काढून ठेवलेलं."

तो हसला, "राहू द्या हो चिल्लर."

"नाही," ताई म्हणाली, "मोजून घ्या."