जठारपेठेतला रुईचा नाकतोडा

नाकतोडा कुणाचंही नाक तोडत नाही, हे मी अमरावतीच्या कॉलेजात आयुष्यभर शिकवलं. तो नाक कापू मात्र शकतो, हे मला अकोल्याला, जठारपेठेत, होणाऱ्या व्याह्यांच्या सोफ्यावर बसल्यावर कळलं.

मी प्राणिशास्त्राचा मास्तर. गेल्या वर्षी रिटायर झालो, पण किडे झाले नाहीत. (बायकोची तक्रार नेमकी हीच आहे.) आमची केतकी पुण्यात नोकरीला. तिथेच तिला अकोल्याचा अनिकेत गावंडे भेटला. त्या दोघांचं ठरलं होतं. आता आईबापांनी एकमेकांना पाहून "आम्हीच जमवलं" असं म्हणायचं तेवढं बाकी होतं. म्हणून पावसाळा सरता सरता एका रविवारी आम्ही अकोल्याला निघालो.

निघण्यापूर्वी सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, गाडीची झडती घेतली. डिकीतून बरण्या निघाल्या, सीटखालून जाळं निघालं. ते सगळं तिने घरात ठेवून कुलूप लावलं. केतकीने माझं दिवसभराचं भाषणच ठरवून दिलं. "बाबा, तुम्ही तिथं फक्त 'हो' आणि 'वा' म्हणायचं."

मी "हो" म्हणालो. ती "वा" म्हणाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. माणसाने चहाला थांबावं, पण इकडेतिकडे पाहू नये. टपरीमागे रुईचं झुडूप होतं आणि झुडपावर रुईचे नाकतोडे. ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो : बाकीचे नाकतोडे लपायला बरं म्हणून हिरवे नाहीतर मातकट असतात. हा पिवळ्याधमक अंगावर निळे पट्टे ओढून लग्नातल्या बँडवाल्यासारखा उघड्यावर बसतो. रुईची विषारी पानं खाऊन हाही विषारी झालेला असतो, त्यामुळे पळायची घाई नाही. पिल्लं तर त्याहून उद्धट. चिमटीत धरलं की पाठीतून घाण वासाची पिचकारी मारतात.

त्यातल्या एका पिल्लाच्या अंगावर नेहमीचे लाल ठिपके नव्हते. तुम्ही म्हणाल, नसोत. पण ज्याला हा रोग जडलाय त्याला विचारा! माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशात मलमलची नाडीवाली पिशवी कायम असते. सुनंदाने गाडी तपासली होती, नवरा तपासला नव्हता. बिनठिपक्याचं ते पिल्लू घेतलं. तुलनेला ठिपकेवाली काही घेतली. आणि हात पिशवीत होताच म्हणून शेजारच्या गवतातली एक लांब मिशांची हिरवी मादीही घेतली. नाडी ओढली आणि शहाण्यासारखा गाडीत येऊन बसलो.

"काय करून राहिले होते तिकडे?" सुनंदाने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

गावंडे साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. पांढराशुभ्र कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणंही तसंच. त्यांच्या शेजारी बार्शीटाकळीहून मुद्दाम बोलावलेल्या त्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, हे त्यांनी अजून एकही शब्द न बोलता आमच्या लक्षात आणून दिलं होतं.

पोहे आले आणि माझ्या छातीवर काहीतरी चालायला लागलं.

पिशवी सैल झाली होती. मी डावीकडे सरकलो. मग उजवीकडे. मग पाठ ताठ केली, मग पुढे वाकलो. गावंडे साहेबांनी गरम होतंय का विचारलं, जाकीट काढायला सांगितलं. मी घाईघाईने "वा" म्हणालो. त्यांनी पंखा वाढवला. मी खिशावर हात दाबून धरला. तो नेमका हृदयावर पडला, आणि गावंडेबाईंचा चेहराच बदलला. त्यांनी पाणी आणलं, पुढच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं नाव काढलं. मुलीच्या बापाला हृदयाचा आजार आहे आणि आपल्यापासून लपवलंय, हे त्या खोलीत हळूहळू पसरताना मला दिसत होतं. सुनंदा माझी तब्येत कशी ठणठणीत आहे ते सांगत होती आणि जेवढं सांगत होती तेवढा संशय वाढत होता. केतकी मात्र माझ्या जाकिटाकडे टक लावून बघत होती. माझ्या घरात वाढलेली पोरगी. तिच्या कपाळावर घाम आला.

विषय बदलावा म्हणून आत्याबाईंनी तोंड उघडलं. "कुळी कोनती तुमची?"

नेमकं तेव्हाच एक पिल्लू खिशातून डोकं काढून माझ्याकडे बघत होतं. आयुष्यभराची सवय. किडा समोर आणि प्रश्न कुळाचा!

"पिर्गोमॉर्फिडी," मी म्हणालो.

"कोनती म्हने?" आत्याबाईंनी भावाला विचारलं.

"कोकनाकडली असन," गावंडे साहेब म्हणाले.

सुनंदा सावरायला पुढे सरसावली, तोवर ते पिल्लू माझ्या कॉलरवर येऊन पोचलं होतं. रुईचा नाकतोडा उड्या मारत नाही, सावकाश चालतो, त्यामुळे सगळ्यांना तो नीट पाहायला मिळाला. यजमानाचा धर्म म्हणून गावंडे साहेब उठले आणि त्यांनी त्याला चिमटीत धरलं. "धरू नका" हे मी म्हणालो, पण पिचकारीनंतर. ती चष्म्यावर, मिशीवर आणि त्या शर्टावर अशी समान वाटली गेली.

मी उठलो तशी पिशवीच बाहेर आली. ठिपकेवाली पिल्लं गालिच्यावर शांतपणे चालायला लागली. हिरव्या मादीने मात्र झेप घेतली ती थेट आत्याबाईंच्या खांद्यावर. तिच्या लांब मिशा त्यांच्या कानाला लागत होत्या. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"हलू नका, आत्याबाई. ही निराळ्या कुळातली आहे. मिशा पाहा, अंगापेक्षा लांब. हिचे कान पुढच्या पायांत असतात. आणि मागे ती तलवार दिसते ना, ती टोचायची नाही. अंडी घालायची आहे."

"माह्या खांद्यावर?" आत्याबाई म्हणाल्या.

पुढचा वेळ मी होणाऱ्या व्याह्यांच्या सोफ्याखाली काढला. किती होते, असं सुनंदाने वरून विचारलं. मी मोजले नव्हते. टीव्हीमागचा एक केतकीने शोधला आणि सफाईने पाय धरून पिशवीत टाकला. ते पाहून आत्याबाईंनी पोरीलाही हा नाद आहे का विचारलं. केतकी म्हणाली, नाही, घरात कुणालातरी ते परत धरावे लागतात म्हणून येतं. गावंडे साहेब तोंड धुऊन बनियनवर आले. चहा झाला. नारळ दिला, हळदीकुंकू झालं, पण "कळवतो" असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

परतीच्या वाटेवर बडनेरा आलं तेव्हा मी हळूच पिशवीत डोकावलो. बिनठिपक्याच्या पिल्लावर लाल ठिपके उमटले होते. म्हणजे त्याने सकाळीच कात टाकली होती आणि रंग भरायचा बाकी होता. पहिल्या वर्षाच्या पोराने ओळखलं असतं. मी हे गाडीत कुणाला सांगितलं नाही.

मग फोनची वाट पाहणं सुरू झालं. मी घरात येरझारा घालायचो. अंगणात जायचो, परत यायचो, फोन चार्जिंगला लावायचो, काढायचो. सुनंदा माझ्याशी फक्त जेवणाच्या ताटापुरती बोलायची. केतकी पुण्याहून रोज फोन करायची आणि आईशी बोलून ठेवून द्यायची. ती एकदा रडलीही असं मला नंतर कळलं, आणि त्या दिवशी मी ती पिशवी जाऊन रुईच्या झुडपावर रिकामी केली.

शेवटी गावंडे साहेबांचा फोन आला. आवाज तसाच, कडक इस्त्रीचा.

"सर, पोरगी आमाले पसंतच होती. आत्याबाईबी म्हने, जिले असा बाप सांभाळता आला थे आमच्या अनिकेतले सहज सांभाळन. आता तारखेचं बोलाचं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणालो, आमचे गुरुजी पंचांग पाहून ठेवतील.

"गुरुजीले मंग विचारू," ते म्हणाले. "आधी तुमी सांगा, हे किडे कोन्या महिन्यात नसतात?"

मी सांगितलं, थंडीत मोठे नाकतोडे मरून जातात आणि राहतात ती जमिनीखालची अंडी.

"जानेवारीच्या शेवटी?"

"तेव्हाही अंडीच."

"मंग थेच पक्कं."

आयुष्यभर मी जो विषय शिकवला तो कुणी इतका मन लावून ऐकला आणि लगेच अमलात आणला, असं तेवढं एकदाच घडलं. मला भरून आलं. ती अंडी कशी फेसात गुंडाळलेली असतात, मादी पोट लांबवून ती किती खोल घालते, हे मी त्यांना अगदी सविस्तर समजावून सांगितलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं, त्यांनी फोन "पक्कं" म्हटल्यावरच ठेवला होता.