मावशीचा पहिला प्रश्न

बालसंरक्षण कार्यालयात तिला सगळे मावशी म्हणत. साहेब म्हणत, शिपाई म्हणत, आणि ज्यांच्या घरातून तिने मुलं उचलून आणली ते आईबापही, शिव्या घालून दमले की, मावशीच म्हणत. लोकांना वाटतं या कामाला मोठं काळीज लागतं. काळीज कसलं, गुडघे लागतात. जिने चढायचे असतात. कुठे मूल मार खातंय, कुठे उपाशी कोंडलंय असं कळलं की जायचं, दार ठोठावायचं आणि आत जे असेल ते न दचकता बघायचं. सुरुवातीला ती घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडायची. पुढे ते रडणं कधी थांबलं हे तिच्याही लक्षात आलं नाही. थांबलं ते बरंच झालं, असं तिला वाटलं.

तिची एक रीत होती. घाबरलेल्या बाईला समोर बसवलं की मुलाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पहिला प्रश्न एकच, "जेवलीस का?" बहुतेक बाया "हो" म्हणत आणि ते खोटं असे. मग मावशी आपला डबा उघडून पुढे सरकवायची. चार घास पोटात गेले की बाई आपणहून बोलायला लागायची. कामावर आलेल्या नव्या पोरींना ती हे शिकवायची. वळ कुठला, जन्मखूण कुठली, पडून लागलेलं कसं दिसतं आणि मारलेलं कसं, हेही शिकवायची. ऑफिसच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, "मावशी, तुमच्यापुढे साधी शिंक आली तरी का आली ते सांगावंसं वाटतं." सगळे हसत. मावशीही हसायची, आता हसायचं असतं हे कळायचं म्हणून.

नात झाली तेव्हा ती आनंदाची वाट बघत राहिली. बाळ हातात आल्यावर "किती गोड!" म्हणाली, कारण तसं म्हणतात. तरी एक गोष्ट तिला अगदी हवी होती. लेकीची रजा संपली की नातीला दिवसभर आजीकडे ठेवायचं ठरलं होतं, आणि त्यासाठी मावशीने मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. या पोरीला अंगाखांद्यावर खेळवता खेळवता आपल्या आतलं काहीतरी हलेल, अशी तिला आशा होती. हे ती कुणापाशी बोलली नाही.

घोळ झाला तो लेक-जावई मावशीकडे राहायला आले असताना, बाळाच्या आंघोळीच्या वेळी. पालथं घेतलं तर कमरेखाली निळसर डाग. असे डाग कितीतरी बाळांना जन्मतःच असतात आणि पुढे विरून जातात, हे नव्या पोरींना सांगून सांगून मावशीचा घसा बसला होता. जावई टॉवेल घेऊन शेजारीच उभा होता. मावशीने मान वर केली आणि ऑफिसातल्या त्या मऊ, थंड आवाजात विचारलं, "हे कधीपासून आहे? तेव्हा बाळाजवळ कोण होतं?"

"जन्मापासून आहे, आई," जावई म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

चूक मावशीच्या त्याच क्षणी लक्षात आली. पण तोवर तिची नजर सवयीने जावयाच्या हातांवरून फिरून आली होती, आणि दारात उभ्या असलेल्या लेकीने ते पाहिलं होतं.

लेक भांडली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. तिने बाळाला गुंडाळलं, पिशवी भरली आणि जाताना म्हणाली, "तुला वाईट वाटतंय का गं आई? खरं सांग."

मावशीने आत चाचपून पाहिलं. हाताला काही लागेना. "कळत नाही," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर कदाचित निभावलं असतं.

त्यानंतर येणंजाणं बंद झालं. फोन यायचे, पण बोलणं हवापाण्यापलीकडे जायचं नाही. नातीला पाळणाघरात घातल्याचं असंच कुणाकडून तरी कळलं. मावशी टीव्ही लावून बसायची. समोर काय चाललंय ते तिला सांगता आलं नसतं.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात लेक, कडेवर नात, आणि नातीच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. चपलाही न काढता लेकीने सुरुवात केली. "पलंगावरून पडली. दोन्ही बाजूंना उशा लावल्या होत्या. मी फक्त दूध बघायला गेले. हा घरात नव्हता, कामावर होता, हवं तर फोन करून विचार. डॉक्टरांना दाखवलंय. काळजीचं काही नाही म्हणाले. मुद्दाम तुला आधी दाखवायला आणलं, नंतर दिसलं असतं तर..."

मावशी ऐकत होती. हेच शब्द, याच क्रमाने, अशाच एका दमात तिने टेबलापलीकडून आयुष्यभर ऐकले होते. तिची स्वतःची पोर उंबऱ्याबाहेर उभी राहून तिच्यापुढे जबानी देत होती. याचं दुःख व्हायला हवं होतं. दाराची चौकट धरून ती उभी राहिली. टेंगळाकडे बघायचं नाही असं ठरवून तिने नजर लेकीच्या चेहऱ्यावर ठेवली.

"जेवलीस का?"

लेकीचे ओठ घट्ट मिटले. "हे तू त्या बायांना विचारायचीस, आई. मला माहीत आहे. पहिला प्रश्न."

"त्यांना नंतर," मावशी म्हणाली. "आधी तुलाच विचारायचे. शाळेतून फुगून यायचीस. पोटात काही गेल्याशिवाय काय झालं ते सांगायची नाहीस. तुझ्याकडूनच नेला मी तो प्रश्न तिकडे. परत आणायचा राहिला."

बाळ लेकीच्या गळ्यातल्या साखळीशी खेळत होतं. तिने पायांनीच चपला काढल्या.

"नाही जेवले," ती म्हणाली. "सकाळपासून काहीच नाही." आणि तिने बाळाला आईच्या हातात दिलं.

आता तरी रडू येईल म्हणून मावशी जराशी थांबली. आलं नाही. मग तिने नातीला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने पातेलं गॅसवर चढवलं.